मिडरेंजवरील फाइलींची नावे : दहा अक्षरांची शिस्त ठेवावी की सोडावी?

रात्रपाळी :
नमस्कार. आमचा सहा जणांचा गट पुण्यात बसून एका अमेरिकी घाऊक वितरकाची आयबीएम आय (आयबीएमच्या मध्यम आकाराच्या, म्हणजे मिडरेंज, व्यावसायिक संगणकांची) प्रणाली सांभाळतो. २००० साली आयसिरीज, २००६ साली सिस्टिम आय आणि २००८ साली आयबीएम आय अशी या यंत्रणेची तीन बारशी झाली, तरी आमच्या तोंडात १९८८ चे एएस/४०० हेच नाव बसलेले आहे, तेव्हा पुढे तेच आले तर चालवून घ्यावे.

प्रश्न असा आहे. ऑर्डरींच्या भागासाठी आम्ही नव्या फाइली करणार आहोत आणि या वेळी त्या डीडीएस (फाइलीचे वर्णन लिहिण्याची या यंत्राची जुनी पद्धत) लिहून नव्हे, तर विदा हाताळण्याच्या एसक्यूएल या भाषेतील क्रिएट टेबलने होणार आहेत. सध्याच्या फाइलींची नावे कस्टमास्ट, ऑर्डएचडीआर, ऑर्डडीटीएल अशी आहेत. त्यांच्या लॉजिकल फाइलींना (म्हणजे मूळ फिजिकल फाइलीतीलच विदा वेगळ्या क्रमाने दाखवणाऱ्या फाइलींना) शेवटी एल१, एल२ असे क्रमांक आहेत, आणि प्रत्येक फाइलीतील फील्डच्या नावाला दोन अक्षरांचे उपपद आहे, जसे सीएमनेम, सीएमसिटी, ओएचडेट. गटातील तरुण मंडळींना कस्टमर_ऑर्डर_लाइन्स अशी वाचता येणारी नावे हवी आहेत. ज्येष्ठांना ती नको आहेत, पण का नको याचे उत्तर ‘आपल्याकडे असेच असते’ यापलीकडे जात नाही. मला कोणती पद्धत देखणी आहे हे जाणून घ्यायचे नाही. हे संकेत मुळात कशामुळे पडले आणि त्यांपैकी कोणत्या कारणात अजून जीव आहे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

एक खुलासा. नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. अक्षरांची मोजणी मात्र रोमी लिपीतल्या मूळ नावाची समजावी.

हिरवा_पडदा :
रात्रपाळी, प्रश्न योग्य रीतीने विचारलात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ज्याला आपण ‘दहा अक्षरांचा नियम’ म्हणतो, त्यात तीन निरनिराळ्या मर्यादा एकमेकींत मिसळलेल्या आहेत.

पहिली मर्यादा कार्यप्रणालीची. ऑब्जेक्टचे (म्हणजे फाइल, प्रोग्रॅम अशा कोणत्याही वस्तूचे), ते जिच्यात ठेवतात त्या लायब्ररीचे आणि फाइलीतील भागाचे, म्हणजे मेंबरचे, नाव दहा अक्षरांपेक्षा मोठे असू शकत नाही, आणि ही गोष्ट एएस/४०० च्या आधीच्या सिस्टिम/३८ पासून चालत आली आहे. ती आजही तशीच आहे, कोणत्याही आवृत्तीने ती उठवलेली नाही.

दुसरी मर्यादा भाषेची होती आणि तीच अधिक जाचक होती. आरपीजी ही या यंत्रावरची मुख्य प्रोग्रॅमिंग भाषा; जुन्या आरपीजीत फाइल जाहीर करायच्या, म्हणजे एफ विनिर्देशाच्या, ओळीवर फाइलीच्या नावासाठी सातव्यापासून चौदाव्या स्तंभापर्यंतची जागा होती, म्हणजे जेमतेम आठ अक्षरे. आकडेमोडीच्या, म्हणजे सी, विनिर्देशावर उत्तर ठेवायच्या रिझल्ट फील्डला त्रेचाळीस ते अठ्ठेचाळीस हे स्तंभ होते, म्हणजे सहाच अक्षरे. ही आखणी छिद्रपत्रांच्या काळातली. फाइलीला नऊ किंवा दहा अक्षरी नाव दिलेत, तर यंत्र ते आनंदाने स्वीकारी, पण आरपीजीत ते मावत नसे. मग प्रोग्रॅममध्ये आखूड नाव लिहून ओव्हीआरडीबीएफ कमांडने ते खऱ्या नावाकडे वळवावे लागे, आणि फाइल बाहेर वर्णिलेली (म्हणजे तिच्या फील्डांचे वर्णन प्रोग्रॅममध्ये नव्हे, फाइलीतच) असेल तर हे वळण कंपाइल करतानाही द्यावे लागे. एकदा विसरलात की कंपाइलर फाइल सापडत नाही म्हणून हात वर करी. तुमचे कस्टमास्ट मोजून पाहा, ते बरोबर आठ अक्षरांचे आहे. सीएमनेम सहा अक्षरांचे आहे. ज्यांनी ही नावे ठेवली, त्यांनी दहाचा नव्हे, आठाचा आणि सहाचा नियम पाळला होता. १९९४ साली आरपीजी चार आली, तेव्हा दोन्ही जागा रुंदावल्या, आणि पुढे तर प्रोग्रॅममधील नावांवरचे बंधन जवळजवळ उरलेच नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एका लायब्ररीत एकाच नावाचे दोन ऑब्जेक्ट असू शकतात, पण त्यांचे प्रकार वेगळे असले पाहिजेत. ऑर्ड१०० नावाचा प्रोग्रॅम आणि ऑर्ड१०० नावाची डिस्प्ले फाइल (पडद्याची मांडणी) शेजारी शेजारी सुखाने राहतात, कारण एकाचा प्रकार पीजीएम आणि दुसऱ्याचा फाइल आहे. परंतु फिजिकल फाइल, लॉजिकल फाइल, डिस्प्ले फाइल, प्रिंटर फाइल, आणि आता एसक्यूएलचे टेबल, व्ह्यू व इंडेक्स, या सर्वांचा प्रकार यंत्राच्या लेखी ‘फाइल’ हा एकच आहे. म्हणून कस्टमास्ट ही विदा फाइल असताना त्याच लायब्ररीत त्याच नावाचा पडदा करता येत नाही. शेवटी डी, पी किंवा एल१ लावण्याची चाल यातून आली. त्याचप्रमाणे यंत्राच्या कमांडींच्या भाषेत लिहिलेला सीएल प्रोग्रॅम आणि तो ज्याला हाक मारतो तो आरपीजी प्रोग्रॅम, दोघेही पीजीएमच. म्हणून ऑर्ड१००सी आणि ऑर्ड१००आर.

नवी_पाटी :
हिरवा पडदा सर, माहितीबद्दल आभार. परंतु तुमच्याच लिखाणावरून असे दिसते की आठ आणि सहा या मर्यादा १९९४ सालीच गेल्या. मी शाळेतही जात नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. मग आज नव्या फाइलीतील फील्डला सीएमसीआरएलएम असे नाव का द्यावे? हे ‘क्रेडिट लिमिट’ आहे, हे कळायला मला पहिल्या महिन्यात शेजाऱ्याला विचारावे लागले होते. एसक्यूएलमध्ये टेबलाचे नाव एकशे अठ्ठावीस अक्षरांपर्यंत चालते. वाचणाऱ्याला कळेल असे नाव ठेवायला कोणाची हरकत असावी?

कोबोलकर :
फील्डच्या उपपदाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ती आरपीजीवाल्यांना सवयीमुळे दिसत नाही. आम्हा कोबोलवाल्यांना ते उपपद कधी लागलेच नाही. दोन रेकॉर्डमध्ये स्टेटस नावाचे फील्ड असले, तर आम्ही ‘स्टेटस ऑफ ऑर्डर-रेक’ असे लिहितो आणि कंपाइलरला ते समजते. शिवाय तीस अक्षरी नावे आमच्याकडे आधीपासून होती, आणि डीडीएसमध्ये एलिअस दिलेले असेल, तर कॉपी डीडी लिहून ते लांब नाव थेट प्रोग्रॅममध्ये घेता येई. बाकी भांडण तुमचे चालू द्या.

हिरवा_पडदा :
कोबोलकरांनी नेमक्या जागी बोट ठेवले. नवी पाटी, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

आरपीजीत दोन फाइलींत एकाच नावाचे फील्ड असेल, तर प्रोग्रॅमच्या लेखी ती दोन फील्डे नसतात. स्मृतीतील एकच जागा दोघी वापरतात. समजा, ऑर्डरच्या फाइलीत स्टेटस आहे आणि ग्राहकाच्या फाइलीतही स्टेटस आहे. तुम्ही ऑर्डर वाचली, स्टेटसमध्ये ‘ओ’ आले, म्हणजे ऑर्डर उघडी आहे. मग ग्राहकाचे नाव आणण्यासाठी त्याच्या फाइलीवर चेन केलेत, म्हणजे त्याच्या क्रमांकावरून त्याचे रेकॉर्ड वाचलेत; त्या ग्राहकाची उधारी थांबवलेली असल्याने त्याच्या स्टेटसमध्ये ‘एच’ होते, ते त्याच जागेत येऊन बसले. त्यानंतर तुम्ही ऑर्डर अपडेट केलीत. ऑर्डरीवर आता ‘एच’ लिहिले गेले. कुठेही चूक दाखवली जात नाही, प्रोग्रॅम सुरळीत संपतो, आणि तीन आठवड्यांनी गोदामातून विचारणा होते की ही ऑर्डर कोणी रोखली. ओएचस्टॅट आणि सीएमस्टॅट अशी नावे ठेवण्याचे कारण हे आहे. सहा अक्षरांतली दोन त्यासाठी खर्च करणे कोणाला हौसेचे वाटत नव्हते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हीच सामायिक जागा आरपीजीवाल्यांनी सोय म्हणूनही वापरली. विदा फाइलीतील आणि पडद्यावरील फील्डांची नावे मुद्दाम एकच ठेवली की रेकॉर्ड वाचताक्षणी मजकूर पडद्यावर जायला तयार असे, मूव्हच्या चाळीस ओळी वाचत. त्यामुळे दोन विदा फाइलींत नावे वेगळी आणि फाइल व पडदा यांत नावे सारखी, असा तो दुहेरी संकेत आहे.

आता हे कारण कितपत उरले आहे? प्रिफिक्स हा शब्द वापरून आरपीजी चार प्रोग्रॅमपुरते उपपद लावून देते. २००१ च्या आवृत्तीपासून डेटा स्ट्रक्चरला आणि २००८ च्या आवृत्तीपासून फाइलीलाही क्वालिफाइड लिहिता येते, म्हणजे कोबोलकरांचे ‘ऑफ’ आम्हाला उशिरा का होईना, मिळाले. नवा प्रोग्रॅम नव्या रीतीने लिहिणार असाल, तर उपपदाची गरज नाही. परंतु त्याच फाइलीला जुन्या पद्धतीचे शेदोनशे प्रोग्रॅम हात लावणार असतील, तर गरज आहे. हे तुमच्या गटाने मोजून ठरवावे. डीएसपीपीजीएमआरईएफची यादी काढली की कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल वापरतो ते समोर येते.

आठ_अंकी :
आम्ही आयुष्य तयार विकत मिळणाऱ्या व्यवसाय-प्रणालींमध्ये, म्हणजे पॅकेजांमध्ये, घालवले, म्हणून त्या बाजूने दोन शब्द. जेडी एडवर्ड्सच्या वर्ल्ड प्रणालीत फाइलीच्या नावाला अर्थच ठेवलेला नाही. एफ०१०१ म्हणजे पत्त्यांची मुख्य फाइल, एफ०९११ म्हणजे खात्यांच्या नोंदी, एफ४२११ म्हणजे विक्रीच्या ऑर्डरींच्या ओळी. नवखा माणूस कपाळाला हात लावतो. पण फील्डांची नावे पाहा. पत्ता क्रमांकाच्या विदाघटकाला एएन८ हे एकच नाव आहे. पत्त्यांच्या फाइलीत ते एबीएएन८, विक्रीच्या ओळीत एसडीएएन८, खातेवहीत जीएलएएन८ होते. पुढची दोन अक्षरे फाइल सांगतात, मागची वस्तू सांगतात. एकदा एएन८ कळले की शेकडो फाइलींत ते डोळे मिटून ओळखता येते, आणि दोन फाइली कशावर जोडायच्या हे नावावरूनच समजते. पी म्हणजे प्रोग्रॅम, व्ही म्हणजे पडदा. पी०१०५१ चा पडदा व्ही०१०५१.

बीपीसीएस या दुसऱ्या पॅकेजवाल्यांनी दुसरी वाट धरली. त्यांची आयआयएम म्हणजे मालाची मुख्य फाइल, ईसीएच म्हणजे ऑर्डरीचे शीर्षक, ईसीएल म्हणजे ऑर्डरीच्या ओळी, आरसीएम म्हणजे ग्राहक. तीन अक्षरांत पहिले अक्षर कामाचा विभाग सांगते. फील्डांत एचऑर्ड आणि एलऑर्ड. एच शीर्षकाचा, एल ओळीचा. म्हणजे उपपद एकाच अक्षरात उरकले.

माझ्या मते यांतील कोणतीही पद्धत चालते, अट एवढीच की ती शेवटपर्यंत पाळलेली असावी. ज्या एका ठिकाणी मी घरी केलेली प्रणाली पाहिली, तिथे ग्राहकासाठी सीयूएस, सीयूएसटी आणि सीएसटी अशी तीन आखूड रूपे तीन दशकांत साचली होती, आणि सीएसटीचा अर्थ एका फाइलीत ‘कॉस्ट’ असाही होता.

हिरवा_पडदा :
आठ अंकी यांनी आखूड रूपांचा विषय काढला, त्यावर थोडे. या यंत्राच्या कमांडींकडे पाहावे. तयार करणे म्हणजे सीआरटी, दाखवणे म्हणजे डीएसपी, पुसणे म्हणजे डीएलटी, बदलणे म्हणजे सीएचजी, आणि ही क्रियापदे शेकडो कमांडींत हीच राहतात. डिस्प्लेला एका ठिकाणी डीएसपी आणि दुसऱ्या ठिकाणी डीआयएस असे कुठेही केलेले नाही. त्यामुळे कमांड माहीत नसतानाही अंदाजाने टंकता येते आणि बहुधा ती बरोबर निघते. आपल्याकडे पत्राच्या आरंभी सा.न.वि.वि. लिहीत, ते वाचणाऱ्याला उलगडून सांगावे लागत नसे, कारण लिहिणारे सगळे तेच लिहीत. उद्या कोणी ‘सान.विवि’ आणि कोणी ‘स.न.वि.’ लिहू लागला असता, तर पोस्टमनलाच विचारावे लागले असते. आखूड नावांची यादी एका ठिकाणी लिहून ठेवा. दहा अक्षरांत अर्थ बसवायचा असेल, तर तिच्यावाचून ते जमणार नाही.

नवी_पाटी :
यादीची कल्पना मला मान्य आहे, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. यादी वाचून नाव उलगडण्यापेक्षा उलगडलेलेच नाव का ठेवू नये? रात्रपाळी, तुम्ही पहिल्या लेखात ‘ज्येष्ठांना ती नको आहेत’ असे लिहिलेत, पण तुम्ही स्वतः कोणत्या बाजूचे, ते लिहिलेले नाही.

रात्रपाळी :
पकडलेत. मी लांब नावांच्या बाजूचा होतो, आणि दुधाने तोंड पोळलेले असल्यामुळे आता ताक फुंकून पितो आहे. तो प्रसंग सांगतो. तो आधीच्या एका ग्राहकाकडचा आहे.

तेव्हा मी तीन टेबले केली होती: कस्टमर_ऑर्डर्स, कस्टमर_ऑर्डर_लाइन्स आणि रोज रात्री रिकामे करून पुन्हा भरायचे कस्टमर_ऑर्डर_वर्क. एसक्यूएलला नावे पसंत पडली. पण हिरवा पडदा यांनी वर लिहिल्याप्रमाणे ऑब्जेक्टच्या नावाची दहा अक्षरांची मर्यादा यंत्राने कधीच सोडलेली नाही, त्यामुळे प्रत्येक लांब नावामागे यंत्र आपले स्वतःचे आखूड नाव ठेवते: पहिली पाच अक्षरे आणि पाच अंकांचा क्रमांक. चाचणीच्या लायब्ररीत माझ्या तीन टेबलांना कस्टो००००१, कस्टो००००२ आणि कस्टो००००३ अशी नावे मिळाली. रात्रीच्या कामाच्या सीएल प्रोग्रॅममध्ये फाइल रिकामी करायची सीएलआरपीएफएम ही कमांड होती, आणि तिला लांब नाव कळत नाही. मी तिथे कस्टो००००३ लिहिले. चाचण्या पार पडल्या.

प्रत्यक्ष वापराच्या लायब्ररीत माझ्या आधी कोणीतरी कस्टमर_कॉन्टॅक्ट्स नावाचे टेबल केलेले होते. कस्टो००००१ हे नाव त्याने घेतलेले असल्यामुळे माझी टेबले दोन, तीन आणि चार झाली. तेथे तीन क्रमांकावर कामचलाऊ टेबल नव्हते, ऑर्डरींच्या ओळी होत्या.

पुण्यात सकाळचे साडेदहा, म्हणजे तिकडे पूर्व किनाऱ्यावर उन्हाळी वेळेप्रमाणे रात्रीचा एक. काम ठरल्या वेळी सुरू झाले आणि कोणताही संदेश न देता संपले. पहिली तक्रार गोदामातून आली: माल काढायच्या याद्या छापल्या जात आहेत, वर ग्राहकाचे नाव आहे, पत्ता आहे, आणि खाली एकही वस्तू नाही. फाइलीला जर्नल (बदलांची नोंदवही) होते म्हणून मी क्षणभर निर्धास्त झालो. परंतु फाइल रिकामी केली की जर्नलात त्या कृतीची एक नोंद पडते, पुसलेल्या ओळी एकेक करून उतरवल्या जात नाहीत, त्यामुळे उलट दिशेने मागे जाता येत नाही. आदल्या रात्रीची जतन केलेली प्रत आणून तिच्यावर जर्नलातील बदल, त्या एका नोंदीच्या अलीकडेपर्यंत, पुन्हा चढवावे लागले. त्यात चार तास गेले.

त्यातही एक गंमत झाली, जी तेव्हा गंमत वाटली नव्हती. प्रत आणायला मी तिकडच्या ऑपरेटरला फोनवरून फाइलीचे नाव सांगत होतो. कस्टो मधला ‘ओ’ हे अक्षर आहे आणि त्यापुढे चार शून्ये आहेत. त्याने पाच शून्ये टंकली. ऑब्जेक्ट सापडत नाही, असा संदेश आला. मी पुन्हा सांगितले, त्याने या वेळी दोन ‘ओ’ टंकले. रात्री दोन वाजता एक माणूस दुसऱ्याला ‘ओ’ आणि शून्य यांतला फरक समजावून सांगत होता, आणि तिकडे ट्रक उभे होते.

नवी_पाटी :
हे वाचून अंगावर काटा आला, आणि तुमचा कल समजला. तरीही मी म्हणेन की दोष लांब नावाचा नव्हता. आखूड नाव कोणी ठेवायचे, हे तुम्ही यंत्रावर सोपवलेत, आणि यंत्राने ते निर्मितीच्या क्रमावरून ठेवले.

हिरवा_पडदा :
नवी पाटी यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि मी ज्येष्ठांच्या बाजूचा असूनही ते मान्य करतो. उपायही हाताशी आहे. क्रिएट टेबलमध्येच ‘फॉर सिस्टिम नेम’ लिहून आखूड नाव आपण द्यायचे. फील्डसाठी ‘फॉर कॉलम’ लिहायचे. कस्टमर_ऑर्डर_लाइन्स फॉर सिस्टिम नेम ऑर्डडीटीएल, एवढे लिहिले असते तर तो प्रसंग आला नसता. एक बारकावा: मुख्य नावच जर दहा अक्षरांत बसणारे वैध नाव असेल, तर हे कलम यंत्र नाकारते, कारण तेथे दोन नावांची गरजच नाही. ‘फॉर कॉलम’ विसरलात, तर फील्डांच्या बाबतीतही यंत्र तीच पाच अक्षरे आणि क्रमांकाची युक्ती करते, आणि ज्या टेबलात प्रत्येक फील्ड कस्टमर_ ने सुरू होते, त्याची आखूड नावे जनगणनेच्या यादीसारखी दिसतात.

दुसरे, आरसीडीएफएमटी हे कलमही लिहावे. एसक्यूएल टेबल करताना रेकॉर्ड फॉरमॅटला (रेकॉर्डमधील फील्डांच्या मांडणीला) टेबलाचेच नाव देते, आणि आरपीजीला फाइल व फॉरमॅट यांचे नाव एकच असलेले खपत नाही. मग प्रत्येक प्रोग्रॅममध्ये रीनेम लिहीत बसावे लागते. जुन्या फाइलींत फॉरमॅटच्या नावाला शेवटी आर का असतो, हेही यातून कळेल.

उत्तरेकडून :
मी काही वर्षे कोपनहेगनमध्ये याच यंत्रावर काम करतो आहे. या धाग्यावर अजून कोणी न काढलेला एक मुद्दा आहे. ऑब्जेक्टच्या नावात डॉलर, हॅश आणि अ‍ॅट ही चिन्हेही चालतात, आणि जुने अमेरिकी प्रोग्रॅमर कामचलाऊ फाइलीचे नाव हॅशने सुरू करीत, म्हणजे ती यादीत वेगळी दिसते. परंतु एबसिडिकमध्ये, म्हणजे अक्षरांना अंक देण्याच्या आयबीएमच्या पद्धतीत, या तिन्ही चिन्हांची जागा देशागणिक बदलते. यंत्र आतला बाइट जपते, चिन्ह नाही. अमेरिकेत हॅश म्हणून ठेवलेला बाइट आमच्या डॅनिश पडद्यावर ए आणि ई जोडलेले अक्षर होऊन दिसतो, अ‍ॅटचा काट मारलेला ओ होतो आणि डॉलरच्या जागी डोक्यावर वर्तुळ असलेला ए येतो. अमेरिकेहून आलेली ‘हॅशऑर्ड’ नावाची फाइल शोधायला सांगितली, तर इथला माणूस कळफलकावर हॅश टंकतो आणि त्याला ती सापडत नाही. अक्षरे, अंक आणि अधोरेखा यांपलीकडे जाऊ नये. आणि क्यू या अक्षराने नाव सुरू करू नये, ती आयबीएमची स्वतःची जहागीर आहे: क्यूसिस, क्यूजीपीएल, क्यूटेम्प.

नवी_पाटी :
आता माझ्या बाजूने दोन तक्रारी, कारण येथे लांब नावांचीच चौकशी जास्त झाली. पहिली एल१, एल२ बद्दल. ऑर्डएचडीआरएल७ कोणत्या किल्लीवर (म्हणजे कोणत्या फील्डाच्या क्रमाने) आहे, हे नावावरून अजिबात कळत नाही. आमच्याकडे एकाच किल्लीच्या तीन लॉजिकल फाइली सापडल्या, कारण प्रत्येकाला आधीची शोधण्यापेक्षा पुढचा क्रमांक घेणे सोपे वाटले. दुसरी चाचणी आणि वापर यांच्याबद्दल. काही फाइलींच्या नावात शेवटी टी लावून चाचणीची प्रत केलेली आहे. लायब्ररी लिस्ट (यंत्र ज्या लायब्रऱ्यांत क्रमाने शोधते त्यांची यादी) असताना हे कशासाठी? फाइलीचे नाव दोन्हीकडे एकच ठेवायचे आणि लायब्ररी बदलायची, हीच तर या यंत्राची रीत आहे ना?

शिवाय आम्ही सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, आता मेंबरमधून काढून गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात नेतो आहोत. क्यूआरपीजीएलईएसआरसी आणि क्यूडीडीएसएसआरसी या सोर्स फाइलींत प्रत्येक मेंबरला पन्नास अक्षरांचे वर्णन होते. साध्या फोल्डरात गेल्यावर ते वर्णन ठेवायला जागाच नाही. मग फाइलीच्या नावातच ऑर्ड१००, मग जोडरेघ, मग वर्णन, मग बिंदू आणि प्रकार, असे लिहावे काय?

हिरवा_पडदा :
टी लावणाऱ्यांचे समर्थन मी करणार नाही. ते सिस्टिम/३८ च्या काळातही चूकच होते. एल७ बाबत तुमचे म्हणणे खरे आहे. तिथे क्रमांकापेक्षा किल्ली सांगणारी दोन-तीन अक्षरे बरी. वर्णन नावात घालण्याची रीत काही बिल्ड साधने पाळतात आणि ती वाईट नाही, मात्र जोडरेघेच्या अलीकडचा भाग हाच ऑब्जेक्टचे नाव राहील, ही अट कधीही मोडू नये.

रात्रपाळी :
सर्वांचे आभार. काल गटाची बैठक झाली, तेथे ठरले ते येथे नोंदवतो.

प्रत्येक टेबलाला दोन नावे राहतील आणि दोन्ही आम्हीच ठेवू. लांब नाव एसक्यूएल लिहिणाऱ्यांसाठी, आखूड नाव सीएल आणि जुन्या आरपीजीसाठी. आखूड नाव आठ अक्षरांतच ठेवायचे, म्हणजे शेवटची दोन अक्षरे इंडेक्सच्या किल्लीसाठी मोकळी राहतात. ऑर्डएचडीआरला ग्राहकावरचा इंडेक्स ऑर्डएचडीआरसीयू होईल आणि तारखेवरचा ऑर्डएचडीआरडीटी. आखूड फील्डनावांतील दोन अक्षरी उपपद राहील, कारण डीएसपीपीजीएमआरईएफने ऑर्डरींच्या फाइली वापरणारे एकशे बेचाळीस जुने प्रोग्रॅम दाखवले आणि ते सगळे एका वर्षात पुन्हा लिहिले जाणार नाहीत. लांब फील्डनावांना उपपद नाही. हॅश, डॉलर, अ‍ॅट आणि आरंभीचा क्यू बाद. चाचणीचा टी बाद. यंत्राने ठेवलेले आखूड नाव वापराच्या लायब्ररीत शिरू नये, म्हणून प्रत्येक बदलाआधी क्यूसिस२ मधल्या सिसटेबल्सवर (यंत्राने ठेवलेल्या सर्व टेबलांच्या यादीवर) एक साधी विचारणा चालेल, जी चार अंकी शून्यमालिकेची नावे पकडून दाखवते. ती विचारणा आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीने लिहिली, आणि पहिल्याच दिवशी तिला माझ्याच हातची दोन टेबले सापडली.

एकच गोष्ट अडून राहिली आहे. ओळींच्या फाइलीचे आखूड नाव ऑर्डडीटीएल ठेवावे की ऑर्डलाइन? मते तीन-तीन पडली आहेत.

कोबोलकर :
यादीत आधीपासून डीटीएल असेल तर डीटीएल. लाइन म्हटले की सहा महिन्यांत कोणीतरी एलएन करणार आणि दुसरा एलआयएन.

रात्रपाळी :
यादीत डीटीएल आहे. ऑर्डडीटीएल कायम.